‘फारसं काम झालेलं नाही’

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटाकडे एक वाक्य हमखास येतं: ‘या विषयावर आजवर फारसं काम झालेलं दिसत नाही.’ विषय कुठलाही असो, ज्ञानशाखा कुठलीही असो, आधीच्या संशोधनाच्या आढाव्याची पंधरा-वीस पानं संपत आली की हे वाक्य हजर होतं आणि त्याच्या पाठोपाठ ‘म्हणून प्रस्तुत संशोधन हाती घेतले आहे’ हेही येतं. पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे आराखडे वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे, आणि या वाक्यापाशी माझी पेन्सिल दरवेळी अडते. वाक्य खोटं असतंच असं नाही. बरेचदा ते खरंही निघतं. पण अख्ख्या प्रबंधात हे एकच विधान असं असतं, की ज्याचा पुरावा प्रयोगशाळेत सापडत नाही, क्षेत्रभेटीत सापडत नाही, मुलाखतींत तर नाहीच नाही. तो ग्रंथालयातच गोळा करावा लागतो. आणि नेमका तिथेच विद्यार्थी सगळ्यात कमी वेळ घालवतात.

‘सर्च केलं, काही आलं नाही,’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचे प्रश्न आता आपोआप तोंडातून बाहेर पडतात. कशात केलं? कुठले शब्द घालून? किती सालापासूनचं? कुठल्या भाषेत? चौथ्या प्रश्नापर्यंत समोरचा थोडा वैतागतो, ते साहजिकच आहे. संशोधन म्हणजे नवं काहीतरी करणं, अशी त्याची समजूत असते आणि मी त्याला जुन्याच्या मागे पिटाळत असते.

शब्दांपासूनच सुरुवात करू, कारण गाडी बहुतेकदा तिथेच अडलेली असते. माणसाचं घरातलं नाव एक आणि शाळेच्या पटावरचं दुसरं, तसं विषयांचंही असतं. आपण विषयाला ज्या नावानं हाक मारतो त्या नावानं तो ग्रंथालयाच्या पटावर असेलच असं नाही. वैद्यकातलं उदाहरण घ्या. बोलताना सगळे ‘हार्ट अटॅक’ म्हणतात, पण पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेख शोधण्याच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये, लेखांना जी प्रमाण विषयशीर्षकं लावली जातात, त्यांत तो ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ म्हणून बसलेला असतो. कॅन्सर ‘निओप्लाझम्स’ खाली असतो. ही शीर्षकांची यादी, ‘मेश’, 1960 पासून चालत आली आहे आणि अजून दुरुस्त होत असते. शोधयंत्र बऱ्याचदा आपला बोलीतला शब्द ओळखून प्रमाण शीर्षकाकडे वळवतं, पण ते नेहमीच वळवेल या भरवशावर प्रबंध लिहू नये. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 2010 सालापर्यंत स्वयंपाकाच्या पुस्तकांना ‘कुकरी’ हे शीर्षक ठेवलं होतं. लोक कधीच ‘कुकिंग’वर येऊन पोचले होते. त्या सालाआधी ‘कुकिंग’ हा विषय घालून शोधणाऱ्याच्या हाती जे कमी लागलं, त्याचा दोष स्वयंपाकावरच्या लेखनाचा नव्हता.

यावर उपाय साधा आहे आणि मी तो प्रत्येकाला शेजारी बसवून करून दाखवते. आपल्या विषयाचं निदान एक चांगलं पुस्तक आपल्याला माहीत असतंच. ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत (कॅटलॉगमध्ये) ते शोधायचं. नाव, लेखक, कपाटातली जागा एवढं दिसलं की बहुतेक जण तिथून उठतात. उठायचं नाही. ‘संपूर्ण नोंद’ किंवा तत्सम नाव असलेली जागा उघडायची आणि खाली जायचं. तिथे विषयशीर्षकं दिलेली असतात; दोन असतील, पाच असतील. ती कुणा तालिकाकारानं ते पुस्तक चाळून, नियम बघून लावलेली असतात. आपल्या विषयाला या जगात काय म्हणतात, ते तिथे लिहिलेलं असतं. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्याच नावाखालची सगळी भावंडं समोर येतात, आणि त्यांतली निम्मी अशी असतात की ज्यांच्या शीर्षकात आपला लाडका कीवर्ड कुठेच नसतो. विद्यार्थ्याचा चेहरा इथे पडतो आणि खुलतोही, कारण ‘फारसं काम नाही’ म्हणून दाखवलेली पोकळी बुजायला लागलेली असते, पण वाचायला पहिल्यांदाच काहीतरी भरघोस मिळालेलं असतं.

(अगदी नव्या लेखांना अशी शीर्षकं लागलेली नसू शकतात, म्हणून साधा शब्दशोधही सोबत करायचाच. एकावर विसंबून चालत नाही.)

एक विद्यार्थिनी भूजलाच्या सामूहिक वापराच्या नियमांवर काम करत होती. तिची तक्रार अशी, की आपल्या विषयाची पुस्तकं एका फळीवरही पुरी भरत नाहीत. ती ज्या फळीपाशी उभी होती तिचा वर्गांक होता 551.49. ड्युई पद्धतीत, म्हणजे विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावण्याच्या पद्धतीत, तो भूजलाचाच आकडा आहे, पण भूविज्ञानानं पाहिलेल्या भूजलाचा. पाण्याकडे नैसर्गिक संपत्ती म्हणून पाहणारी पुस्तकं 333.91 ला, म्हणजे अर्थशास्त्राच्या वस्तीत राहतात. सिंचन शेतीत, 631.587 ला. पाणीपुरवठ्याचं अभियांत्रिकी अंग 628.1 ला, आणि तोच पुरवठा सार्वजनिक सेवा म्हणून पाहिला की 363.61. पाण्यावरच्या हक्काचे कज्जे कायद्यात, 346 च्या आसपास. विहिरींच्या दंतकथा हव्या असतील तर लोकसाहित्य, 398. पाणी एकच, पण फिरायचं सगळ्या इमारतीत.

यात ग्रंथालयाची चूक काही नाही. मेल्विल ड्युईनं 1876 मध्ये आपली पद्धत छापली, 44 पानांची आणि स्वतःचं नाव न घालता. तेव्हापासून ती वस्तूनुसार मांडत नाही, ज्ञानशाखेनुसार मांडते. असं केलं की एकच वस्तू दहा ठिकाणी विखुरणार, हे ड्युईला दिसत होतं. म्हणून त्यानं वर्गीकरणाला विषयांची सूची जोडली, जी पुढे ‘सापेक्ष सूची’ म्हणून ओळखली गेली. त्या सूचीत ‘पाणी’ काढलं की ते कुठकुठल्या शाखांत कुठल्या आकड्याला सापडेल याची रांग मिळते. ग्रंथालयाच्या वर्गीकरण विभागात ही सूची असतेच. मागितली तर दाखवतात. विद्यार्थी मागत नाहीत, कारण ती कर्मचाऱ्यांची वस्तू आहे असं त्यांना वाटतं. माझ्या मते पीएचडीच्या पहिल्या सत्रात हातात द्यावी अशी ती वस्तू आहे.

फळीपाशी उभं राहण्याबद्दल शियाळी रामामृत रंगनाथन यांनी एक विचार मांडला आहे. त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे 1931 चे पाच नियम या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतात, पण हा विचार फारसा कुणी सांगत नाही. मूळचे गणिताचे शिक्षक असलेले रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. चांगल्या वर्गीकरणात वाचक फळीसमोर कसा चालतो, याचं चित्र त्यांनी ‘अपुपा’ या आद्याक्षरांत बांधलं. आधी परकी पुस्तकं, मग आपल्या विषयाची पुसट छाया पडलेली, मग गडद छायेतली म्हणजे थेट आपलीच, मग पुन्हा पुसट आणि शेवटी पुन्हा परकी. ग्रहणातल्या सावल्यांचीच ही भाषा आहे. गडद भागातली पुस्तकं आपल्याला बहुतेकदा आधीच माहीत असतात. कुणीतरी सांगितलेली असतात, कुठल्यातरी संदर्भसूचीत भेटलेली असतात. प्रबंधाचं भलं होतं ते पुसट भागात. तिथलं पुस्तक आपल्या प्रश्नावर नसतं, पण त्याचं एक प्रकरण असतं. डेटाबेसच्या खिडकीत नेमका शब्द टाकला की गडद भाग मिळतो आणि पुसट कापला जातो. म्हणून पुस्तक नुसतं मागवून घेण्यापेक्षा एकदा तरी स्वतः दालनात जाऊन त्याच्या डावी-उजवीकडचं चाळावं, असं मी सांगते. ज्या ग्रंथालयांत आत सोडत नाहीत, तिथे ऑनलाइन तालिकेत वर्गांकानुसार पुढे-मागे सरकण्याची सोय असते. त्याला पुस्तकाचा वास नाही, पण काम होतं.

आता सालाचा प्रश्न, आणि हा प्रश्न मी का सोडत नाही त्याचं कारण. 2001 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याशी संबंधित एका अभ्यासात 24 वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम नावाचं रसायन श्वासावाटे देण्यात आलं. तिच्या फुप्फुसांना इजा झाली आणि ती वाचली नाही. त्या रसायनामुळे फुप्फुसांना होणाऱ्या इजेबद्दल 1950 च्या दशकात लेख छापून आले होते. अभ्यासाआधी संशोधकानं पूर्वसंशोधन पाहिलं होतं, पण मुख्य भिस्त ठेवली होती पबमेडवर आणि तेव्हा पबमेड 1966 पर्यंतच मागे जात होतं. त्याआधीचं सगळं छापील निर्देशिकांच्या जाडजूड खंडांत होतं आणि ते खंड ग्रंथालयात होते. ‘काही आलं नाही’ या उत्तराचा अर्थ तिथे ‘1966 नंतर काही आलं नाही’ एवढाच होता.

आपले बहुतेक प्रबंध कुणाच्या जिवावर उठत नाहीत. तरी प्रत्येक डेटाबेसला एक सुरुवातीचं साल असतं, त्यात घेतलेल्या नियतकालिकांची एक यादी असते, काही भाषा आत असतात आणि पुष्कळ बाहेर. ही माहिती डेटाबेसच्याच मदतपानावर असते. गूगल स्कॉलर 2004 पासून हाताशी आहे आणि मीही ते रोज वापरते. पण त्यात नेमकी कुठली नियतकालिकं आहेत याची यादी ते देत नाही. त्यामुळे तिथे जे सापडतं त्याचा उपयोग मोठा, पण जे सापडत नाही त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

मागे जाण्याची रीत सगळ्यांना येते: चांगला लेख घ्यायचा, त्याची संदर्भसूची धरायची, त्यातल्या लेखांच्या संदर्भसूच्या धरायच्या. पुढे जाण्याची रीत त्या मानानं उशिरा आली. यूजीन गारफील्डनं 1955 मध्ये ‘सायन्स’मध्ये एक कल्पना मांडली, की एखादा लेख नंतर कुणी कुणी उद्धृत केला याचीच निर्देशिका करावी. 1964 पासून ती ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या नावानं खंडांत निघू लागली. आज कुठल्याही शोधनिकालाखाली ‘इतक्यांनी उद्धृत केले’ असं जे दिसतं, ते त्याचंच वंशज. हा आकडा विद्यार्थी लेखाची लायकी ठरवायला वापरतात. मला तो दरवाज्यासारखा वापरलेला आवडतो: आकड्यावर टिचकी मारून आत शिरायचं आणि त्या लेखाशी नंतर कोण भांडलं ते बघायचं. जाता जाता लेख मागे तर घेतलेला नाही ना, तेही तपासून घ्यायचं. मागे घेतलेले लेख वर्षानुवर्षं उद्धृत होत राहतात. ‘रिट्रॅक्शन वॉच’ 2010 पासून यावर नजर ठेवून आहे, आणि त्यांचा विदासंच (डेटासेट) 2023 मध्ये क्रॉसरेफ या लेखांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेनं घेऊन सर्वांना खुला केला.

पण या सगळ्यात मला सगळ्यात भुरळ घालणारी गोष्ट डॉन स्वॉन्सनची. शिकागो विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवणारा हा माणूस मूळचा भौतिकशास्त्रज्ञ. वैद्यकाशी त्याचा संबंध वाचकापुरता. त्याच्या लक्षात आलं, की माशाच्या तेलावरच्या लेखांचा एक गठ्ठा सांगतोय, या तेलानं रक्ताचा दाटपणा कमी होतो आणि रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) एकमेकींना कमी चिकटतात. दुसरा गठ्ठा रेनॉ या विकाराबद्दलचा, ज्यात थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसून बोटं पांढरी पडतात. तो सांगत होता, या रुग्णांचं रक्त दाट असतं आणि बिंबिका जास्त चिकटतात. दोन्ही गठ्ठे छापलेले, निर्देशित झालेले, ग्रंथालयांत लावलेले. पण एका गठ्ठ्यातले लेखक दुसऱ्या गठ्ठ्याला उद्धृत करत नव्हते. 1986 मध्ये स्वॉन्सननं लेख लिहून सुचवलं, की माशाचं तेल या विकारात उपयोगी पडू शकेल. त्यानं एकही रुग्ण तपासला नव्हता. काही वर्षांत एका छोट्या चाचणीत, या विकाराच्या प्राथमिक प्रकारात तरी, त्याला दुजोरा मिळाला. 1988 मध्ये त्यानं हीच रीत अर्धशिशी आणि मॅग्नेशियमला लावली.

या प्रकाराला त्यानं ‘न सापडलेलं सार्वजनिक ज्ञान’ म्हटलं. मला यातून विद्यार्थ्यांच्या त्या वाक्याचा वेगळाच अर्थ लागतो. खरी पोकळी बहुतेकदा ‘यावर कुणी लिहिलं नाही’ अशी नसते. ‘यावर त्यांनीही लिहिलं, यांनीही लिहिलं, पण एकमेकांचं वाचलं नाही’ अशी असते. भूजलवाल्या विद्यार्थिनीचं शेवटी तेच झालं. भूविज्ञानवाल्यांकडे पाणी किती आणि कुठे याचे नकाशे होते, कायदेवाल्यांकडे हक्क कुणाचा याचे निवाडे होते, आणि दोघांच्या संदर्भसूच्या शेजारी शेजारी ठेवल्या तर एकही नाव सामाईक नव्हतं. तिनं दुसऱ्या प्रकरणात त्या दोन सूच्यांचीच तुलना दिली. परीक्षकांनी तिला त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले आणि ते तिला आवडलं.

जे आपल्या ग्रंथालयात नाही त्याबद्दल दोन शब्द. आंतरग्रंथालयीन देवघेव ही सोय बहुतेक विद्यापीठांत असते आणि ती वापरणारे तेच ते चार लोक असतात. अर्ज भरायचा, नोंद पूर्ण द्यायची, थांबायचं. पुस्तक येतं किंवा प्रकरणाची प्रत येते. हल्ली या विभागातल्या मंडळींची नवी डोकेदुखी म्हणजे अस्तित्वातच नसलेले लेख. यंत्राला विचारून घेतलेली संदर्भसूची असते, लेखक खरा, नियतकालिक खरं, खंड क्रमांकही शोभेसा, फक्त तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. ते बिचारे तीन-तीन निर्देशिका उलगडून शेवटी ‘असा लेख आढळत नाही’ म्हणून कळवतात. असं एक उत्तर आलं तरी पुरे. त्या सूचीतली बाकीची प्रत्येक नोंद हातानं तपासायची.

अप्रकाशित प्रबंध हे दुसरं उपेक्षित घर. आपल्यासारखीच सुरुवात करून कुणीतरी तीन-चार वर्षं घातलेली असतात आणि त्याच्या आढाव्यात आपली निम्मी वाट मळलेली असते. त्यातली नावं घ्यावीत, मतं स्वतः तपासावीत आणि त्या प्रबंधाचाही निर्देश करावा. हे शेवटचं कलम लोक सोयीनं विसरतात.

आणि संदर्भ विभागात बसलेला ग्रंथपाल. विद्यार्थी त्याच्याकडे पुस्तक कुठे आहे हे विचारायला जातात, मूळ प्रश्न विचारायला जात नाहीत. आपला प्रश्न अजून कच्चा आहे, तो ऐकून हसतील, अशी काहीशी भीती असते. खरं तर कच्चा प्रश्न ऐकून घेणं हेच त्याचं शिक्षण असतं. तो उत्तर देण्याआधी उलट प्रश्न विचारतो: कशासाठी हवंय, काय वाचून झालंय, कुठे अडलात. वीस मिनिटांत तो असे दोन डेटाबेस उघडतो ज्यांची नावं आपण ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरच्या लांबलचक यादीत पाहूनही वाचलेली नसतात. जाताना एकच गोष्ट सोबत न्यावी: आतापर्यंत काय शोधलं त्याची नोंद.

ही नोंद म्हणजे एक साधा तक्ता. तारीख, डेटाबेस, वापरलेली शब्दरचना जशीच्या तशी, कोणती सालं, किती निकाल, किती ठेवले, का टाकले. वैद्यकातल्या पद्धतशीर आढाव्यांना ‘प्रिझ्मा’ या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हे सगळं छापावंच लागतं. ती 2009 मध्ये आली आणि 2020 मध्ये सुधारली गेली. मानव्यविद्यांत असं कुणी विचारत नाही, पण ठेवलं तर प्रबंधाला धार येते. संदर्भ सांभाळायला झोटेरो आहे, मेंडेली आहे, कुठलंही घ्या. तो वादाचा विषय नाही. शोधाचा तक्ता मात्र स्वतःच ठेवावा लागतो.

माझ्या अनुभवात जिथे सगळ्यात जास्त निष्काळजीपणा होतो ती जागा अगदी शेवटी येते. प्रबंध मंजूर झालेला असतो, बांधणी झालेली असते, आणि विद्यापीठाच्या डिजिटल भांडारात तो जमा करण्यासाठी एक फॉर्म भरायचा असतो. त्यात सारांशाची चौकट असते आणि त्याखाली कीवर्डची. विद्यार्थी थकलेला असतो, खिडकीपाशी मागे रांग असते, आणि तो शीर्षकातलेच तीन शब्द पुन्हा टाकून मोकळा होतो. शीर्षकातले शब्द शोधयंत्राला तसेही सापडणारच असतात. ती चौकट फुकट जाते. भूजलवालीला मी तिचा शोधाचा तक्ता घेऊन तालिका विभागात पाठवलं. ज्या ज्या शब्दांनी तिला स्वतःला काही ना काही सापडलं होतं, त्यांची यादी तिथे तयारच होती. तालिकाकारानं त्यातले प्रमाण शीर्षकांशी जुळणारे वेगळे काढले, कायद्याचा एक आणि भूविज्ञानाचा एक असे दोन शब्द तिनं टाकलेच नव्हते ते सुचवले, आणि सारांशाच्या पहिल्या दोन ओळींत दोन्ही शाखांची नावं यावीत म्हणून त्या ओळी पुन्हा लिहायला लावल्या. तिला घाई होती, ती जरा कुरकुरलीही. फॉर्म त्या दिवशी गेला नाही, दुसऱ्या दिवशी गेला.